बोर्डेनच्या मागावर चार शहरं: यादी कशी गाळावी, दिवस कसे लावावेत?

जिभेचा_नकाशा (प्रश्न)

मंडळी, अँथनी बोर्डेन या अमेरिकी आचाऱ्याच्या टीव्हीवरच्या खाद्यप्रवास मालिकांमधली चार शहरं एका सहलीत जोडायची आहेत: हनोई (व्हिएतनाम), सिंगापूर, सान सेबास्टियान (स्पेन) आणि लिस्बन (पोर्तुगाल). एकूण दिवस १७. सगळे भाग बघत टिपणं काढली तर यादी ६१ ठिकाणांवर गेली. एवढं खाणं कुंभकर्णालाही झेपणार नाही. तेव्हा जाणकारांनी प्रकाश टाकावा:

१. यादी कोणत्या निकषावर गाळावी? काही भाग पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आहेत.
२. दिवसाला किती ठिकाणं धरावीत?
३. सोबतचा एक जण शाकाहारी आहे, अंडं चालतं. त्याची उपासमार होऊ नये.
४. निघण्याआधी यातले एक-दोन पदार्थ घरी करून बघायचे आहेत, म्हणजे तिथे काय वेगळं लागतं ते कळेल. कोणते निवडावेत?

---

नकाशेवाला

आधी मालिका वेगवेगळ्या करा, कारण चारही एकाच कामाच्या नाहीत. 'अ कुक्स टूर' (२००२-०३) आणि 'नो रिझर्वेशन्स' (२००५-१२) यांत पत्ते भरपूर आहेत, पण जुने. 'द लेओव्हर' (२०११-१३) ही एकच मालिका अशी की जी मुळातच २४ ते ४८ तासांच्या मुक्कामासाठी बेतलेली होती. तुमच्या चारपैकी फक्त सिंगापूर तिच्यात आहे. 'पार्ट्स अननोन' (२०१३-१८) मध्ये जेवणाच्या टेबलावर राजकारण, युद्ध, स्थलांतर यांवरच्या गप्पा जास्त आहेत, त्यामुळे कित्येक जेवणं कोणाच्या तरी घरातली असतात. तिथे तुम्ही जाऊ शकत नाही. अशी घरगुती जेवणं आणि खास चित्रीकरणासाठी मांडलेल्या पंगती यादीतून काढल्या की ६१ ची संख्या बरीच खाली येईल.

उरलेल्या प्रत्येक ठिकाणासाठी तक्ता करा. रकाने असे ठेवा: स्थानिक लिपीतलं नाव, पत्ता, तिथला एकच पदार्थ, तो पदार्थ दिवसाच्या कोणत्या वेळी खातात, बंदचा वार, रोख की कार्ड. यातला 'एकच पदार्थ' हा रकाना भरता आला नाही तर ते ठिकाण गाळा. 'तिथे तो बसला होता' हे जायचं कारण होऊ शकत नाही.

स्थानिक लिपी का, तर व्हिएतनामीत खुणा बदलल्या की शब्दच बदलतो. खुणांशिवाय नाव टाकलं की नकाशावर त्याच नावाची पाच दुकानं दिसतात, आणि त्यातली तीन प्रसिद्ध दुकानाची पाटी बघून नंतर उघडलेली असतात. पत्त्यातला घर क्रमांक जुळवूनच खूण टाका.

दुकान चालू आहे का हे ठरवताना तारांकनं बघू नका, गेल्या दोन महिन्यांतले गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. फोटोत भिंतीवरचा फलक दिसतो, त्यावरून आजचे दर कळतात. तसंच 'टीव्हीत बघून आलो' असं लिहिणारे किती आणि नुसतं जेवून गेलेले किती, याचा अंदाज त्या-त्या भाषेतले अभिप्राय वाचून येतो. यंत्रानं केलेलं भाषांतर त्यासाठी पुरतं.

दिवसाला तीन ठिकाणं, त्यातलं एकच पोटभर. टीव्हीवर चार जेवणं पाठोपाठ दिसतात, पण तासाभराच्या जागेतला भाग जाहिराती वगळून साधारण ४२ मिनिटांचा असतो आणि त्याचं चित्रीकरण कित्येक दिवस चालतं. तुम्ही बघता ते संकलकाचं पोट.

एक अवांतर. 'नो रिझर्वेशन्स'च्या रोमच्या भागात परमेसानच्या कुरकुरीत वाटीत वाढलेला काचो ए पेपे पास्ता आहे, आणि त्या जागेचं नाव मुद्दाम सांगितलेलं नाही. प्रेक्षकांनी ते तरीही शोधलंच: त्रास्तेव्हेरे भागातलं रोमा स्पारिता. म्हणजे आपल्यामुळे जागा बिघडते याची जाणीव बोर्डेनला होती. तुमच्या यादीत नाव न सांगितलेली ठिकाणं असतील तर त्यांच्यामागे लागण्यात दिवस घालवू नका.

---

कोळशावरचा

हनोईचं बघू. इथे वेळ चुकली तर पदार्थच मिळत नाही, किंवा सकाळचा उरलेला मिळतो. फो (रश्शातल्या तांदळाच्या शेवया) सकाळचा: सहा ते नऊ. रस्सा रात्रभर उकळलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन तासांत तो सर्वात स्वच्छ लागतो. बुन चा (कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया) दुपारचा: साडेदहा ते दोन. त्या वेळात फुटपाथवर कोळशाचा धूर दिसला की समजा बरोबर आलात.

ज्या दुकानात बोर्डेन आणि बराक ओबामा २३ मे २०१६ रोजी जेवले ते हुओंग लिएन, २४ ले वान हू रस्ता. ते जेवण रात्रीचं होतं. हे दुकान संध्याकाळीही चालतं, त्यामुळे दुपारचा नियम इथे सैल. बिल ६ डॉलर झालं आणि ते बोर्डेननं भरलं, हे त्यानंच नंतर जाहीर केलं. टेबल, स्टुलं, भांडी आता काचेच्या पेटीत आहेत. फलकावर 'कॉम्बो ओबामा' नावाचा संच आहे: बुन चा, समुद्री मेव्याचा तळलेला रोल आणि हनोई बिअर. सांगायला सोपा म्हणून तोच घ्या. मात्र फोटोसाठी वरच्या मजल्यावरच बसायचा हट्ट धरलात तर थांबावं लागेल. खाली तेच अन्न पटकन मिळतं.

खायची पद्धत: वाडग्यात कोमट, पातळ, आंबटगोड रसात भाजलेल्या टिकिया आणि पोटाकडच्या मांसाच्या चकत्या असतात. तांदळाच्या शेवया आणि पाला वेगळ्या ताटलीत. शेवया एकदम ओतायच्या नाहीत. चॉपस्टिकनं एक घास शेवया, दोन पानं, रसात बुडवायचं, टिकियेच्या तुकड्यासोबत उचलायचं. सगळं एकदम घातलं की रस थंड होतो, शेवया तो पिऊन टाकतात आणि शेवटी खारट लगदा उरतो.

पैशांबाबत एकच इशारा: २० हजार डोंग आणि ५ लाख डोंग या दोन्ही नोटा निळसर आहेत. पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि रस्त्यावर ५ लाखाची नोट काढूच नका.

घरी करायला बुन चा उत्तम, कारण चूक नेमकी कुठे होते ते लगेच कळतं. चार जणांसाठी:

टिकिया: डुकराच्या खांद्याचा खिमा ५०० ग्रॅम, त्यात चरबी २० ते २५ टक्के हवी. फिश सॉस दीड मोठा चमचा, साखर १ मोठा चमचा, बारीक चिरलेले छोटे कांदे ३, लसूण ३ पाकळ्या, मिरपूड अर्धा छोटा चमचा, करपवलेल्या साखरेचं पाणी १ मोठा चमचा. शेवटचं वगळू नका. लाल-तपकिरी रंग आणि किंचित कडवटपणा त्यातूनच येतो. एका दिशेनं दोन-तीन मिनिटं फेटा, तासभर मुरवा, चार-पाच सेंटीमीटर रुंद आणि दीड सेंटीमीटर जाड टिकिया करा. पोटाकडचं मांस ३०० ग्रॅम, ३-४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या, हाच मसाला.

भाजणं: दुहेरी जाळीच्या चिमट्यात धरून कोळशावर. कोळशावर पांढरी राख धरली की मगच ठेवा. ज्वाळा असताना ठेवलं तर ठिबकलेल्या चरबीची काजळी बसते आणि आतून कच्चं राहतं. कोळसा नसेल तर ओव्हनचा वरचा ग्रिल पूर्ण तापवून, सगळ्यात वरच्या कप्प्यात. सपाट तव्यावर मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी शिजतं.

रस: फिश सॉस १ भाग, साखर १, लिंबू किंवा व्हिनेगर १, पाणी ५. बुन चाच्या रसात आंबट थोडं कमीच चालतं, कारण तो जवळजवळ सूपसारखा पितात. साखर कोमट पाण्यात विरघळवा, फिश सॉस घाला, लिंबू विस्तवावरून उतरवल्यावर. लिंबू उकळलं की कडवट होतं. लसूण-मिरची अगदी शेवटी, म्हणजे वर तरंगते. त्यात कच्ची पपई किंवा नवलकोल आणि गाजराच्या पातळ चकत्या: आधी मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, मग साखर-व्हिनेगरमध्ये टाका. पिळलं नाही तर भाजीचं पाणी रसात उतरतं आणि प्रमाण बिघडतं.

शेवया उकडून थंड पाण्याखाली धुवा आणि चाळणीत किमान १५ मिनिटं निथळू द्या. घरच्या बुन चात पाणचट चव येते ती नव्वद टक्के ओल्या शेवयांमुळे.

---

चमचाभर_साखर

नकाशेवाल्यांच्या 'एकच पदार्थ' या निकषाला +१, पण 'टीव्हीत बघून आलेले जास्त असतील तर गाळा' असा सूर दिसला त्याला असहमती. सिंगापुरात तो लागू होत नाही. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाऊगाळ्यांत, एक गाळा म्हणजे एक पदार्थ, आणि लांब रांग म्हणजे माल ताजा. रांगेत पर्यटक किती हे बघून कोंबडीची चव बदलत नाही.

तियान तियान हैनानीज चिकन राइस, मॅक्सवेल फूड सेंटर, गाळा क्रमांक १० आणि ११. सोमवारी बंद असतो, हे आधी लिहून ठेवा. मॅक्सवेल नावाचं मेट्रो स्टेशन नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलं, ते अगदी समोर आहे. जुन्या प्रवासटिपांमध्ये चायनाटाउन स्टेशनावरून चालायला सांगितलेलं असतं, ते आता नको. साडेबारा ते दीड ऑफिसांची सुट्टी, ती टाळा. गाळा उघडायच्या वेळेला किंवा अडीचनंतर जा. फार उशीर केलात तर माल संपतो.

बोर्डेननं कौतुक केलं होतं ते कोंबडीइतकंच भाताचं. म्हणून पहिला घास नुसत्या भाताचा घ्या, मिरचीचा सॉस नंतर. त्याच रांगेत थोडं पुढे आह ताई नावाचा गाळा आहे, तो तियान तियानच्याच माजी आचाऱ्यानं काढलेला. दोघे जण असाल तर एक-एक लहान ताटली दोन्हीकडून घेऊन शेजारी ठेवा. भाताचा दाणा, सॉसमधलं आलं आणि कातडीखालची जेली, या तीन गोष्टींची तुलना करा.

दोन स्थानिक शिस्ती. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे; तुम्हीही तसंच धरू शकता. आणि खाऊन झाल्यावर ट्रे परत ठेवणं १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये सक्तीचं आहे: पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० सिंगापूर डॉलर.

आता घरचा चिकन राइस. डुकराचं मांस चालत नसेल त्यांनी बुन चाऐवजी हा करावा. सगळा खेळ पाण्याच्या तापमानाचा आहे.

कोंबडी कातडीसकट अख्खी, १.४ किलोच्या आसपास. मीठ चोळून धुवा. पोटाजवळची चरबी आणि मानेची सैल कातडी कापून बाजूला ठेवा, ती भाताला लागेल. कोंबडी पूर्ण बुडेल एवढं पाणी, आल्याच्या ५-६ चकत्या, पातीचे ३ कांदे, उकळी. पाय धरून कोंबडी पाण्यात सोडा, दहा सेकंदांनी उचला, पोटातलं पाणी ओता, असं तीनदा. पोटातलं गार पाणी निघालं नाही तर बाहेरून शिजते आणि हाडाजवळ रक्त राहतं. मग बुडवून ठेवा, आच इतकी मंद की पाणी ८० ते ८५ अंशांवर राहील. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, बुडबुडे नकोत. ४० ते ४५ मिनिटं. मांडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत. लगेच बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं. बर्फ हा दिखाऊ प्रकार नाही: शिजणं तिथेच थांबतं आणि कातडीखाली जेली धरते. पाणी खळखळ उकळू दिलं तर कातडी फाटते आणि छातीचं मांस दोऱ्यासारखं होतं, मग बर्फ काही वाचवत नाही.

भात: २ कप तांदूळ धुऊन ३० मिनिटं निथळू द्या. बाजूला ठेवलेली चरबी मंद आचेवर वितळवा, २ मोठे चमचे निघते. त्यात लसणाच्या ४ पाकळ्या आणि २ मोठे चमचे बारीक आलं परता, तांदूळ घालून दाणे चकचकीत होईपर्यंत हलवा, मग कोंबडीचं पाणी पावणेदोन ते दोन कप, मीठ, पंदनच्या (सुवासिक पानं) दोन पानांची गाठ. तांदूळ ओला असताना परतला तर तो चरबी घेत नाही आणि भात चिकट गोळा होतो.

सॉस: लाल मिरच्या ८, लसूण ३ पाकळ्या, आलं एक इंच, लिंबाचा रस २ मोठे चमचे, कोंबडीचं गरम पाणी ३ मोठे चमचे, साखर १ छोटा चमचा, मीठ अर्धा. वाटून लगेच वापरा. दुसऱ्या दिवशी लसूण उग्र होतो.

---

जिभेचा_नकाशा

दोन्ही पाककृती वाचनखुणांत साठवल्या, धन्यवाद! एक शंका: पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर नसेल तर?

---

चमचाभर_साखर

उकळी आल्यावर कोंबडी घाला, पुन्हा उकळी फुटायच्या बेतात आली की आच पूर्ण बंद करा, जड झाकण लावा, ५० मिनिटं उघडू नका. पातेलं मोठं आणि जाड बुडाचं हवं, पाणी किमान ४ लिटर. कमी पाणी फार लवकर निवतं. तरीही मांडी टोचून बघा. गुलाबी पाणी आलं तर पुन्हा १० मिनिटं मंद आच. खरं तर मांसात खुपसायचा साधा थर्मामीटर घ्याच, कोंबडीबाबत अंदाजपंचे दाहोदरसे नको.

---

तिसरी_पंगत

सान सेबास्टियान. बोर्डेन इथे 'अ कुक्स टूर'पासून 'पार्ट्स अननोन'पर्यंत पुन्हा पुन्हा आला आणि आर्झाक कुटुंबाशी त्याची मैत्री होती. त्यांच्या आर्झाक या रेस्तराँला १९८९ पासून तीन मिशेलिन तारे आहेत. पण १७ दिवसांच्या सहलीत अशा जेवणाला चार तास आणि मोठी रक्कम द्यायची का हे आधी ठरवा. माझ्या मते द्यायची असेल तर गेतारिया गावातल्या एल्कानो या रेस्तराँला द्यावी. शहरापासून साधारण २५ किलोमीटर, बस जाते. तिथे अख्खा टर्बट (चपटा समुद्री मासा) जाळीच्या चिमट्यात निखाऱ्यावर भाजतात आणि टेबलाशी येऊन त्याचे भाग सोडवतात: गालांचा भाग, पाठीचं मांस, पोटाकडचं, पंखांच्या मुळाशी असलेली चिकट जेली. प्रत्येकाचा पोत निराळा. पंखांची हाडं हातात घेऊन चोखायची असतात, काट्या-चमच्यानं ती वाया जातात. आरक्षण काही आठवडे आधी करा.

जुन्या शहरातली पिंचोफेरी (पिंचो म्हणजे बारमध्ये मिळणारे घासभर पदार्थ) मात्र फुकट शिकता येते, फक्त एक समजून घ्या: एका बारमध्ये एक किंवा दोन पिंचो, एक लहान पेला चाकोली (तिथली हलकी पांढरी वाइन), पैसे, पुढचा बार. बसून सहा पदार्थ मागवणं म्हणजे चुकीच्या जागी जेवणं. काउंटरवर मांडलेले गार असतात; खरा माल फळ्यावर लिहिलेला असतो आणि तो सांगितल्यावर आतून गरम येतो. गर्दीत मोठी ताटली उचलून स्वतःच भरत सुटू नका, आधी काउंटरपलीकडच्या माणसाला विचारा.

ठिकाणं तीनच देतो. गांबारा: रानटी अळिंबी तव्यावर परतलेली, मधोमध कच्चं पिवळं बलक. हे मोसमी आणि महाग, दर विचारूनच सांगा. ला कुचारा दे सान तेल्मो: इथे काउंटरवर काहीच मांडलेलं नसतं, सगळं ताजं करून देतात. शेवटी ३१ दे आगोस्तो रस्त्यावर ला विन्या, जिथून तो वरून करपलेला चीजकेक जगभर गेला. एक ताटली दोघांत पुरते. वेळा: दुपारी साडेबारा ते तीन, रात्री साडेसात-आठ ते साडेदहा. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद. रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच बार बंद.

लिस्बन. 'नो रिझर्वेशन्स'च्या २०१२ च्या भागातली सेर्व्हेजारिया रामिरो ही समुद्री मेव्याची खानावळ, १९५६ पासूनची. सोमवारी बंद. इथे दर किलोवर असतात आणि बिल फुगतं ते त्यामुळेच. 'दोघांसाठी द्या' असं कधी म्हणू नका, ग्रॅममध्ये सांगा, कोळंबी नगावर मागा. दोघांना: लसूण-कोथिंबिरीतल्या तिसऱ्या (शिंपले) एक ताटली, लाल काराबिनेरो कोळंबी माणशी एक, पर्सेबिश २०० ग्रॅम. पर्सेबिश म्हणजे खडकाला चिकटलेले बोटभर लांब कवचवाले जीव: नखासारखं टोक एका हातात, देठ दुसऱ्या हातात, कातडी पिळून ओढायची आणि आतला गुलाबी देठ खायचा. पिळताना खारं पाणी उडतं, तोंड समोरच्याकडे करू नका. काराबिनेरोचं डोकं फेकू नका, त्यातला रस पावानं पुसून घ्या. सगळ्यात शेवटी, गोडाच्या जागी, प्रेगो: लसणीत परतलेला बीफचा पातळ तुकडा पावात. बीफ चालत नसेल तर तिथेच थांबा, काही बिघडत नाही.

आणि पोर्तुगालात न मागता टेबलावर येणारा पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं. हात लावला तर बिलात लागतं. नको असेल तर आल्या आल्या परत पाठवा. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

---

पालेभाजी

शाकाहारी सोबत्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. बोर्डेनचा शाकाहारावरचा राग जगजाहीर आहे (पंजाबच्या २०१४ च्या भागात मात्र त्यानं तिथल्या शाकाहारी जेवणाची मनापासून तारीफ केली), त्यामुळे त्याच्या यादीवरून या माणसाचं पोट भरणार नाही. समांतर यादी करा.

हनोईत 'चाय' हा शब्द ओळखायला शिका. पाटीवर तो असला की बौद्ध शाकाहारी खानावळ. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे गर्दी असते आणि पदार्थही जास्त असतात. साध्या दुकानात 'मांस नको' सांगून भागत नाही, कारण रस्सा हाडांचा आणि चटणी फिश सॉसची. सिंगापूरच्या चिकन राइसचा नुसता भातही चालणार नाही. तो चरबीत परतून कोंबडीच्याच पाण्यात शिजतो.

स्पेनमध्ये सापळा वेगळा. 'व्हेहेताल' नावाच्या सँडविचमध्ये बऱ्याचदा ट्यूना असतो आणि भाजीवर हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात. बटाट्याची तोर्तिया, तळलेल्या हिरव्या गेर्निका मिरच्या, अळिंबी-बलक, चीजकेक, एवढ्यात तीन रात्री निघतात. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध विरजायला वापरलेला जनावराच्या जठरातला अर्क) काटेकोर असाल तर स्पेनमधलं इदियासाबाल टाळा. उलट पोर्तुगालातलं अझेतांव आणि सेरा दा एश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची चीज काटेरी रानफुलाच्या अर्कानं विरजतात, ती खुशाल खा. काल्दु व्हेर्द हे हिरवं सूप दिसतं पालेभाजीचं, पण वर सॉसेजची चकती असते.

पोटासाठी: व्हिएतनाममध्ये मधोमध भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला, तो सहसा ठीक, लादी फोडून दिलेला टाळा. कच्चा पाला हा सर्वात मोठा धोका, आणि बुन चाची अर्धी चवही त्यातच. गर्दीच्या दुकानात खा, बाकी ठिकाणी सोडा. बिघडलंच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. मीठ जास्त पडलं तर उलट अपाय होतो, चमचा सपाट म्हणजे सपाटच. ताप किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

---

जिभेचा_नकाशा

यादी ६१ वरून १९ वर आली! कच्चा आराखडा: बुध ते शनि हनोई. रवि, सोम, मंगळ सिंगापूर, चिकन राइस सोमवारी दुपारी. बुध-गुरु प्रवास आणि आराम. शुक्र ते सोम सान सेबास्टियान, मोठी पिंचोफेरी रविवारी रात्री. मंगळ ते शुक्र लिस्बन. चुका काढा.

---

नकाशेवाला

दोन चुका, आणि दोन्ही सोमवारच्या आसपासच्या. वर दोघांनी लिहिलेले बंदचे वार एकत्र ठेवून बघा: तियान तियान सोमवार, पिंचो बार रविवार रात्र ते सोमवार, रामिरो सोमवार. म्हणजे युरोपातला सोमवार विमानासाठीच वापरा.

हनोई बुध ते शनि तसंच राहू द्या. रविवारी सकाळी शेवटचा फो खाऊन निघा, सिंगापूरचं उड्डाण साधारण साडेतीन तासांचं. सोमवारी सिंगापुरात बाकीची ठिकाणं करा, चिकन राइस मंगळवारी गाळा उघडता उघडता. त्याच रात्री उशिराच्या विमानानं निघालात तर बुधवारी बिल्बाओला पोचता, तिथून सान सेबास्टियान बसनं सव्वा तास. आराखड्यातला आरामाचा गुरुवार असा परत मिळतो.

बुधवारी रात्री मात्र पिंचोफेरी ठेवू नका. स्पेनमध्ये रात्रीचे साडेआठ म्हणजे सिंगापूरच्या घड्याळात उन्हाळ्यात पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. जीभ तेव्हा झोपलेली असते. गुरुवारी दुपारी पहिली फेरी, शुक्रवारी दुपारी एल्कानो आणि त्या रात्री उपास, शनिवारी रात्री मोठी फेरी. रविवारी दुपारी ज्यांची राहिली त्यांची. सोमवारी बिल्बाओहून लिस्बन. रामिरो मंगळवारी दुपारी, बारा वाजता दारात. संध्याकाळची रांग कितीतरी लांब असते.

दोन कागदपत्रं: व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, अर्जातलं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळवा. स्पेन-पोर्तुगाल दोन्ही शेंगेनमध्ये, एकच व्हिसा. अर्ज जिथे जास्त रात्री त्या देशाकडे. नव्या आराखड्यात स्पेनच्या ५ रात्री आहेत आणि लिस्बनच्या ४, तेव्हा स्पेन.

तारखा पक्क्या करण्याआधी तेत बघा. हे व्हिएतनामी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं, आणि त्या आठवड्यात हनोईतली लहान दुकानं कुलपात असतात. सिंगापूरचं चिनी नववर्षही त्याच सुमारास, म्हणजे तिथेही तेच. चूभूदेघे.